शुक्रवारपासूनचं पाणी

"पाणी कधीपासून जातंय?" डॉक्टरबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं आणि सुनेच्या उशाशी उभ्या असलेल्या अंबूताईंनी चटकन तिच्याकडे पाहिलं!

"आज सकाळपासून," वेदश्री म्हणाली.

खोटं! धादांत खोटं... आणि तेही सासूला वाचवण्यासाठी! वेदश्रीच्या अंगावर अजून कुबसाचं, म्हणजे डोहाळजेवणाचं, हिरवं लुगडं होतं. सातवा सरत आलेला, म्हणून आज रविवारी दुपारी धारवाडच्या घरी तिला पाटावर बसवून ओटी भरली. कलघटगीहून माहेरची माणसं आली होती. आरतीलाच तिच्या पोटात कळ आली आणि सगळे तसेच हुबळीच्या दवाखान्यात धावले.

पण शुक्रवारीच ती सासूला दबक्या आवाजात म्हणाली होती, "अक्का, सारखं ओलं होतंय हो." तेव्हा पस्तीस वर्षं शाळेत पोरींना शहाणपण शिकवलेल्या अंबूताई काय बोलल्या? "अगं, या दिवसांत लघवी सुटते. बोलावणी गेलीत, आता कुबसा होऊ दे. सोमवारी दाखवू." आणि आज तिचं अंग तापलेलं लागलं, तेव्हा पाटावर ती टवटवीत दिसावी म्हणून स्वतःच्या हातानं तिला तापाची गोळी दिली!

"ताप तर नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजच पाणी गेलं असेल तर थांबू या, बाळ जितकं आत राहील तितकं बरं. पण हिची नाडी एवढी जोरात का? बाळाचे ठोकेही वाढलेत..."

शेजारी गुरुराज उभा होता, आईच्या शब्दाबाहेर कधी न गेलेला एकुलता एक मुलगा. वेदश्रीनं हळूच अंबूताईंचा हात दाबला... गप्प राहा, अक्का! त्या एका स्पर्शानं अंबूताईंचं काळीज फाटलं.

"नाही हो, डॉक्टर! शुक्रवारपासून जातंय पाणी! ताप होता तिला, मीच दुपारी गोळी देऊन दाबला! पोरीचा दोष नाही... पापीण मी आहे!"

"एन अक्का हे, काय हे!" गुरुराज आईवर किंचाळला. "तुला सगळं ठाऊक होतं?"

"त्यांना नंतर बोला," डॉक्टरबाईंनी त्याला थांबवलं. "सांगितलं ते बरं झालं. आत संसर्ग झालेला दिसतोय. आता थांबलो तर दोघांच्याही जिवावर बेतेल." भराभर रक्त तपासणीला गेलं, औषधाची बाटली लागली आणि दिवेलागणीला मुलगी झाली... दीड किलोची, पण रडली! तिला काचेच्या पेटीत ठेवलं.

दोन दिवस गुरुराज आईशी बोलला नाही. अंबूताई बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. आत जायला त्या धजावल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी सिस्टरनं थर्मामीटर आणि कागद आणला. दर चार तासांनी बाळंतिणीचा ताप लिहायचा होता. गुरुराजनं हात पुढे केला.

"तुम्ही नको," वेदश्री क्षीण आवाजात म्हणाली. "अक्कांना बोलवा. त्या बघतील."

"ती? एवढं होऊनही?"

"होय, त्याच. माझ्यासाठी त्यांनी चारचौघांत स्वतःला पापीण म्हणवून घेतलं. आता त्या काही लपवणार नाहीत."

अंबूताई आल्या. डोळ्यांत पाणी दाटलेलं, आकडे दिसेनात... पदरानं डोळे पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं. शंभर! 'दगदगीनं होतं एवढं,' जिभेवर आलंच होतं...

"सिस्टर! सिस्टर, ताप आहे हो!" आणि त्या अनवाणीच धावत सुटल्या.

मागून गुरुराजची हाक आली, आईला तीन दिवसांतली पहिली. "अक्का... चप्पल तरी घाल गं."