चार्वीची नऊ पत्रं

मंगळावरून आईची पत्रं रोज येत होती. मग चार्वीचं एकही पत्र आईला का मिळत नव्हतं?

चंद्रावरच्या वस्तीत जन्मलेली दहा वर्षांची चार्वी रडकुंडीला आली होती. आईने लिहिलं होतं, ‘वाढदिवसाला आले नाही म्हणून रुसलीस ना? आठ दिवसांत एक ओळ नाही. आज पाचला मंगळ सूर्याआड जाईल. मग दोन आठवडे संपर्क बंद.’

चार वाजले होते. पत्राला मंगळावर पोचायलाच बावीस मिनिटं लागत.

“मी नऊ पत्रं पाठवलीत, आजोबा. रुसवा तर पहिल्याच पत्रात संपला होता.”

संदेशवहनाचे शास्त्रज्ञ अच्युतआजोबा सकाळीच पृथ्वीवरून आले होते. चंद्रावर चालायची सवय नसल्याने ते टुणटुण उड्या मारत टेबलापाशी पोचले. “मेलचं खातं कुणी जोडलं?”

“मीच. आठ दिवसांपूर्वी, नव्या टॅबवर.”

“सेटिंग उघड बघू.”

पडद्यावर दोन चौकटी होत्या, येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरसाठी (सर्व्हर म्हणजे टपाल सांभाळणारा मोठा संगणक). दोन्हींत एकच नाव होतं: आवक.चांद्रवस्ती.

“दोन्हीकडे एकच कसं गं?”

“घराला दार एकच असतं ना? आत यायला तेच, बाहेर जायला तेच.”

आजोबा हसले. हवा निसटू नये म्हणून इथे प्रत्येक घराला खरंच एकच दार होतं. पोरीचं काय चुकलं?

“टपालाची कामं दोन असतात, बाळा. येणारा सर्व्हर तुला आलेली पत्रं जपतो, मागितलीस की दाखवतो. पत्र बाहेर न्यायचं काम त्याचं नाहीच. ते जाणाऱ्या सर्व्हरचं. तो पत्ता वाचून आईच्या सर्व्हरपर्यंत पत्र पोचवतो.”

“मग माझी पत्रं?”

ती ‘पाठवायची’ या कप्प्यात निमूट पडून होती. बाईसाहेब रोज बटण दाबून खेळायला पळत होत्या!

चार्वीने घाईघाईने लिहिलं: जावक.चांद्रवस्ती. मग पोर्ट (सर्व्हरच्या खिडकीचा क्रमांक) बदलला. येणाऱ्याचा ९९३ होता, जाणाऱ्याचा ४६५. तरी पत्रं हलेनात.

“पासवर्ड घातलास? जाणाराही तो विचारतो. नाहीतर कुणीही तुझ्या नावाने पत्रं धाडेल.”

पासवर्ड घातला आणि नऊच्या नऊ पत्रं भराभर निघाली. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

पुढचा पाऊणएक तास चार्वी खुर्चीवर टेकली नाही. चार सत्तावन्नला आईचं उत्तर आलं: ‘मिळाली गं सगळी! दोनच वाचलीत. बाकीची पुरवून पुरवून वाचणार, दोन आठवडे काढायचेत.’ चार्वीने आनंदाने अशी उडी मारली की डोकं छताला लागलं.

पाच वाजले. ती दहावं पत्र लिहायला बसली.

“अगं, आता वाट बंद झाली,” आजोबा म्हणाले.

“सर्व्हर थांबेल ना?”

“थांबेल. वाट मोकळी होईपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करेल.”

चार्वीने बटण दाबलं. या वेळी मात्र ती पळाली नाही. ‘पाठवायची’ कप्पा उघडून तिने नीट पाहिलं. तो रिकामा होता.