कंदिलाची बारी

यामिनीनं ऑनलाइन मागवलेला कंदील त्या रात्री पहिल्यांदा खोक्यातून निघाला आणि गच्चीवर बहीणभावाचं जुंपलं. कंदील दिसायला झकास. पिवळ्या प्लास्टिकचा, वर कडी, बाजूला घडी होणारी दांडी. ना तेल, ना सेल. दांडी मिनिटभर गरगर फिरवायची की पाच-सात मिनिटं उजेड. येत्या शनिवारी दोघं मित्रमंडळींबरोबर नेरडीगोंड्याच्या पुढं धबधब्यापाशी तंबू ठोकून राहणार होते, आणि हा कंदील न्यायचा की नाही यावर वाद पेटला होता.

"रातभर काय दांडीच फिरवत बसशीन का?" आलोक म्हणाला. "त्यापेक्षा पॉवर बँक बरी."

"पॉवर बँक संपली तं? हे कधी संपत नाय," यामिनी म्हणाली. "मामा, तुमीच सांगा. कामाचा हाय का नाय?"

मामा म्हणजे चंपतराव. उटनूरच्या बाजूच्या शाळांत मास्तरकी करण्यात त्यांचा जन्म गेला, आता आदिलाबादेत घर बांधून बसले होते. भाच्यांसमोर हरभऱ्याचे घाटे सोलत ते इतका वेळ मजा पाहत होते. त्यांनी कंदील हातात घेतला, दांडी थोडी फिरवली. घर्र, घर्र. मग एकदम खाली ठेवला.

"कामाचा हाय," ते म्हणाले. "पन ह्याले एक मानूस लागते. टॉर्चमंदी सेल संपते, हे आपल्याले कळते. ह्याच्यात मानूस संपते. अन मंग..."

"मंग काय?"

"तो गच्चीवरचा लाईट बंद कर. आमच्या अमरदीप सरांवर गुदरलेली गोष्ट हाय. पदरचं एक अक्षर घालत नाय."

आलोकनं दिवा घालवला. कंदिलाचा तेवढा उजेड राहिला; यामिनी मधूनमधून दांडी फिरवत होती. चंपतरावांनी सांगितलं ते असं.

दोन वर्षांमागचा डिसेंबर. दुसरा शनिवार, अमावास्या तीन दिवसांवर आलेली. अमरदीप त्यांच्याच शाळेत गणित शिकवायचा. माणूस हिशेबी, प्रत्येक वस्तू पारखून घेणारा. मुलगी अर्पिता सहावीत. वर्गातली कोणी तंबूत झोपून आली, तेव्हापासून हिनं घर डोक्यावर घेतलं होतं. बायकोची त्या दिवशी दवाखान्यात नाईट होती. शेवटी बापानं कबूल केलं. शाळेचा स्काउटचा तंबू चंपतरावांच्या ताब्यात होता, तो मागून नेला, आणि असाच एक दांडीचा कंदील विकत घेतला. "सेलची भानगडच नाय, सर," असं शाळेत चार जणांना दाखवून सांगितलं.

जागा त्यानं आपल्या गावाबाहेरची निवडली. नाल्यापलीकडे एक मोठं शेत, कित्येक वर्षं पडीक. कमरेइतकं वाळलेलं गवत, मध्ये थोडी मोकळी जागा. पलीकडे जंगल.

त्याचा बाप भिवाजी त्याच पावसाळ्यात गेला होता. उभी हयात दुसऱ्याच्या शेतात राबलेला माणूस. ऐन तारुण्यात तो जागलीला जायचा. जागल म्हणजे उभ्या ज्वारीत रानडुकरं शिरू नयेत म्हणून रात्रभर शेतात जागत बसायचं. दोन गडी, एक कंदील. भिवाजीनं पोराला जागलीची रीत लहानपणीच सांगून ठेवली होती. पाठीला पाठ लावून बसायचं, एकाचं तोंड शेताकडे, एकाचं जंगलाकडे. उगाच बोलायचं नाही, नाव घेऊन हाक मारायची नाही. मागे वळून पाहायचं नाही. आपली बारी संपली की कंदील खांद्यावरून मागे धरायचा आणि म्हणायचं, "घे." मागच्यानं तो घ्यायचा. तो घेत नाही तोवर पहिल्यानं जागेवरून हलायचं नाही. आणि मागे कोणी नसेल, तर "घे" हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

पण भिवाजीनं जागल मध्येच कायमची सोडली. का सोडली ते कधी सांगितलं नाही. शेवटच्या दिवसांत मात्र खाटेवर पडल्या पडल्या एकच घोकत असायचा, "माई बारी राह्यली रे." घरच्यांना वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला.

बापलेकीनं तंबू ठोकला. मोटारसायकल नाल्याअलीकडे बाभळीखाली होती. दिवस बुडता बुडता शेळ्या हाकत एक धनगर नाल्याच्या काठानं गेला. अमरदीपला पाहून थबकला. "एलुगु तिरुगुतुंदि, सार," म्हणाला. अस्वल फिरतंय. त्यानं नाल्यातलं ताजं उकरलेलं वारूळ दाखवलं, आणि उजेड चालू ठेवा, उजेडाजवळ ते येत नाही, असं सांगून तो घाईनं निघून गेला.

अमरदीपनं हिशेब मांडला. परत जायचं तर लेकराला घेऊन अंधारात नेमका तोच नाला ओलांडायचा. मोबाइल अर्पितानं कार्टून पाहून पाहून संपवलेला. शेकोटी करावी तर चहूकडे वाळलं गवत. म्हणजे राहणंच बरं. राहायचं, आणि कंदील विझू द्यायचा नाही. रात्रभर.

सुरुवातीला पोरीला त्याची गंमतच वाटली. आजोबांसारखी जागल करू म्हणाली. तंबूच्या तोंडापुढं दोघं पाठीला पाठ लावून बसली. बापाचं तोंड जंगलाकडे, लेकीचं तंबूकडे. तो फिरवायचा, "घे" म्हणून मागे द्यायचा. ती फिरवायची, "घ्या" म्हणून त्याच्या खांद्यावर ठेवायची. घर्र, घर्र. उजेड मोठा व्हायचा, हळूहळू मंदावायचा, पुन्हा मोठा.

थंडी चढली. अर्पिताचं डोकं बापाच्या पाठीवर आपटू लागलं. त्यानं तिला तंबूत घातलं, दोन घोंगड्या पांघरल्या, झिप लावली.

"माई बारी आली का उठवजा हं, बाबा."

"उठवतो. झोप."

आणि एकटाच बसला.

विकताना असल्या कंदिलाचे गुण सांगतात, पण हे कोणी सांगत नाही की पहिल्या तासाला मनगट दुखतं, दुसऱ्याला खांदा, आणि नंतर हात आपला राहत नाही. थांबावं तर उजेड जातो. उजेड गेला की गवतात खसफस ऐकू येते. असेल उंदीर. असेल वारा. पण तंबूत लेकरू झोपलेलं. बापाच्या जिवाला उंदीर आणि अस्वल सारखंच.

अमरदीप फिरवत राहिला. डोळे मिटत होते. हात फिरत होता. डोळे मिटत होते...

आणि लहानपणापासून कानात बसलेली रीत झोपेत हातात उतरली. त्यानं कंदील खांद्यावरून मागे धरला.

"घे," म्हणाला.

कंदील घेतला गेला.

हाताला बरं वाटलं. मांडीवर हात टाकून तो तसाच पेंगत राहिला. मागे घर्र, घर्र सुरू झालं. पोरगी उठली वाटतं, म्हणून मनात कौतुक वाटलं.

"झोप नाय लागली का, माय?"

उत्तर आलं नाही. जागलीत बोलत नाहीत, हे त्यानंच तिला शिकवलं होतं.

घर्र, घर्र.

थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं की उजेड मंदावत नाही. लहान होत नाही, मोठा होत नाही. एकसारखा. मधे दम घेण्यासाठीसुद्धा दांडी थांबत नाही. अर्पिताला दहा वेळाही सलग फिरवता यायचं नाही.

त्यानं डोळे उघडले.

उजेड मागून येत होता. पुढच्या गवतावर त्याची सावली पडली होती. एकच सावली. मागे बसलेल्याची नव्हती.

मग पाठ जाणवली. त्याच्या पाठीला टेकलेली. रुंद. हाडांची. आणि गार... स्वेटरातून आत गार.

तो हलला नाही.

घर्र, घर्र.

तेवढ्यात तंबूतून झोपाळू आवाज आला. "बाबा? कोनासंग बोलून राह्यले?"

दांडी थांबली.

एवढा वेळ तो आवाज नकोसा झाला होता. आता तो थांबला, तर त्याहून वाईट.

"बाबा, मले काऊन उठवलं नाय? माई बारी हाय ना?"

झिप सरकली. थोडी. अजून थोडी.

गवतावरची सावली हलली. बाजूला सरकली, लांब झाली. उजेड जागा सोडत होता. मागच्यानं कंदील पुढं केला होता. तंबूकडे.

"आना, मी घेते..." लेकीचा आवाज.

अमरदीपला ओरडायचं होतं. पण नाव घ्यायचं नाही. मागे पाहायचं नाही. लेकीचा हात झिपेतून बाहेर येत असणार. एवढासा हात...

त्यानं आपला हात खांद्यावरून मागे फेकला. पंजा उघडा.

"मी घेतो!" तो म्हणाला. "तिची नाय. माई बारी हाय. माई!"

काही नाही.

वारा नाही. किडा नाही.

मग तळव्यावर कडी आली. कडीबरोबर बोटं लागली. खरखरीत. ती लगेच सुटली नाहीत. क्षणभर राहिली... मग सुटली.

"झिप लाव," अमरदीप म्हणाला. "झोप. बाहेर पाहू नको."

झिप लागली.

त्यानं कंदील मांडीवर घेतला आणि फिरवायला लागला. त्या रात्री त्यानं पुन्हा "घे" म्हटलं नाही. तळव्याला फोड आले, फुटले, दांडी ओली झाली. पाठीला ती पाठ टेकलेलीच होती. पहाटे कोंबडा आरवला, झाडांचे शेंडे दिसायला लागले, तेव्हा केव्हातरी पाठीमागे नुसतीच थंडी उरली.

तो उठला, लेकीला उचललं आणि पळत सुटला. तंबू, घोंगड्या, कंदील, सगळं तिथंच.

मोटारसायकलवर मागे बसलेली अर्पिता त्याच्या कानाशी वाकली. मग म्हणाली, "बाबा, ते आबा एवढ्या थंडीत उघडेच काऊन बसले होते?"

अमरदीप गावात आईकडे गेला. आईनं पोराचे हात पाहिले, सगळं ऐकलं, आणि चुलीपुढं बसली. 

"तो सोमा होता," ती म्हणाली. "तुया बाचा जोडीदार, वयानं लय मोठा, थंडीतबी उघडाच राहे. तू पाळन्यात होता तवाची, त्याच वावरातली गोष्ट. तुले ताप भरला, डोये फिरवले तू. मीच निरोप धाडला. तुया बाप 'आत्ताच येतो' म्हून धावत आला, कंदील सोमाजवळ ठेवून. रातभर तुले मांडीवर घेऊन बसला. सकाळी गेला तं सोमा तसाच बसलेला होता. थंडीनं गेला का सापाचं पान लागलं, कोनाले कळलं नाय. तेल संपलं होतं. अन त्याचा हात... खांद्यावरून मागं कंदील धरलेला होता. कोनी घ्याले नव्हतं."

गच्चीवर चंपतरावांनी दोन घाटे उचलले, न सोलता तसेच खाली ठेवले.

"एवढीच गोष्ट?" आलोकनं विचारलं. आवाज मात्र बारीक झाला होता.

"एवढी असती तं मी म्हनलं असतं, बाप गेल्याचं दुःख होतं, झोपेत भास झाला," चंपतराव म्हणाले. "पन तंबू शाळेचा होता. वापस आना लागे. अमरदीप एकटा जाले तयार नव्हता. पुढच्या रयवारी मी सोता त्याच्यासंगं गेलो."

"मंग?"

"भर दुपार. ऊन डोक्यावर. तंबू एका अंगानं पडला होता. घोंगड्या दवानं भिजल्या होत्या. अन समोर गवतात कंदील उभा होता. पेटलेला."

"मामा, तो तं पाच-सात मिनिटांत..."

"व्हय. आठवडा झाला होता. मी चहूकडे पाह्यलं. हाक मारली. मानूस नाय, ढोर नाय. मंग वाकून दांडीले बोट लावलं." चंपतरावांनी ते बोट पुढं धरलं. "गरम होती."

यामिनीचा कंदील मघापासून मंदावत आला होता. आता तो विझला. दांडीला हात कोणीच लावला नाही.

"तुमी तो घरी आनला का मंग?" अंधारात यामिनीनं विचारलं.

"नाय वो बाई. मी उचलाले गेलो, तं अमरदीपनं माया हात धरला. त्याच्या डोयाले पानी होतं. 'राहू द्या, सर,' म्हने. 'बारी चालू हाय.'"

"कोनाची? सोमाची?"



"कंदिलाच्या अल्याड गवत दबलं होतं," चंपतराव म्हणाले. "कोनी बसून राह्यल्यावानी. ते सोमाचं म्हना. पन पल्याडचंबी ताजंच दबलं होतं, अन बारी राह्यली होती ती भिवाजीची. पाठीले पाठ."