वागण्यात फरक नाही

माझ्या भावाच्या घराच्या पुढच्या खोलीत दोन टेबलं आहेत. खिडकीजवळचं त्याचं आणि दाराजवळचं माझं. दार उघडलं की माझ्या खुर्चीला लागतं, त्यामुळे आत येणाऱ्या प्रत्येकाला आधी माझ्याकडे बघून हसावं लागतं. दादा म्हणायचा, तुला जकात नाक्यावरच बसवायला हवं होतं. खोटं नाही ते. कोण काय घेऊन आलं आणि काय घेऊन गेलं, हे माझ्या नजरेतून सुटत नाही.

या दोन टेबलांवर आम्ही बहीणभावाने एक सॉफ्टवेअर लहानाचं मोठं केलं. त्याचं काम सांगायला सोपं आहे. प्रोग्राम लिहिणारे लोक लिहितात, खोडतात, पुन्हा लिहितात आणि शेवटी म्हणतात की पहिलंच बरं होतं. आमचं सॉफ्टवेअर ती सगळी खाडाखोड लक्षात ठेवतं. काय बदललं, कुणी बदललं, आधी काय होतं. ते फुकट आहे आणि उघडं आहे. जगातल्या कुणीही त्याचं पोट उघडून बघावं, दुरुस्ती पाठवावी. त्या दुरुस्तीला आम्ही पॅच म्हणतो. पॅच मी तपासायचा, दादाने आत घ्यायचा. माझी सही खाली पडल्याशिवाय स्वल्पविरामसुद्धा आत जात नसे.

त्यातला ‘जुळणी’ नावाचा भाग माझा. दोघांनी एकाच मजकुरात वेगवेगळे फेरफार केले, तर दोघांचंही राखून एक कसं करायचं, हे तो बघतो. बाबांच्या शेवटच्या रात्री इस्पितळाच्या बाकावर बसून मी तो लिहिला. बाकाची एक पट्टी मोडलेली होती. लॅपटॉप मांडीवर, समोर बाबांच्या खोलीचं दार. हाताला काहीतरी काम नसतं तर मी ते दार बघूनच वेडी झाले असते. दादा माझ्याबरोबर आला होता, पण “गाडी नीट लावून येतो” म्हणून जो खाली गेला तो बाबा गेल्यावरच वर आला. रात्रभर गाडीत बसून होता म्हणे. घाबरट आहे बिचारा. मी ते मनात ठेवलं नाही. लक्षात मात्र ठेवलं.

तेव्हापासून घरात कुणी कामातून अंग काढून घेतलं की मी म्हणते, गेला वाटतं गाडी लावायला. वहिनी हसते, आई हसते, आणि दादा सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसतो.

आई त्या रात्री तापाने घरी पडून होती. ती रात्र तिने पाहिलेली नाही, माझ्याकडून ऐकली आहे. तिच्या डोळ्यांत दुपारी थेंब घालावे लागतात आणि ते ती माझ्याशिवाय कुणाला घालू देत नाही. थेंब पडले की डोळे मिटून पडून राहायचं असतं. तेवढ्या वेळात ती म्हणते, सांग गं ती रात्र. मी सांगते. बाक, दार, नर्सच्या बुटांचा आवाज. तिला सगळं पाठ आहे, तरी एखादी गोष्ट गाळली तर लगेच पकडते.

पॅच पाठवणारी माणसं मी पॅचवरून ओळखते. नोकरी बदलायच्या बेतात असलेला माणूस दणकून मोठं काहीतरी पाठवतो. ज्याचं नुकतंच कुणाशी वाजलं आहे, तो दुसऱ्याच्या ओळी सरळ करत बसतो. माफी मागत पाठवणाऱ्याचं काम बहुतेक चोख असतं, आणि ‘छोटीशी सुधारणा’ असं लिहिणाऱ्यासाठी आख्खी दुपार मोकळी ठेवावी लागते.

केरसुणी यांतल्या कुठल्याच खणात बसली नाही. हे तिने स्वतःच घेतलेलं नाव. बाई की पुरुष, राहते कुठे, कुणालाच माहीत नव्हतं. नावावरून आम्ही ‘ती’ म्हणायला लागलो. ती नवीन काही करायची नाही, फक्त झाडलोट. कुणी वापरत नाही ते काढ, दोनदा लिहिलंय ते एकदा कर. पॅच एवढेसे, आणि प्रत्येकाखाली एकच वाक्य: ‘वागण्यात फरक नाही.’ म्हणजे आतून आवरलं आहे, बाहेरच्या माणसाला काही कळायचं नाही.

तिची पद्धत आमचीच होती, फक्त आमच्याहून शिस्तीची. जुना भाग एकदम उपटायचा नाही. शेजारी हुबेहूब तेच काम करणारा नवा भाग उभा करायचा. मग जुन्यावर विसंबून असलेल्यांना एकेक करून नव्याकडे वळवायचं, एका पॅचला एकच. दर वेळी चाचण्या लावायच्या, काही बिघडलं नाही ना ते बघायचं. शेवटचा वळला की जुन्याकडे कुणी फिरकत नाही. मग तो काढून टाकला तर कुणाला आवाजही येत नाही.

मला ती पद्धत फार आवडायची. दादाला म्हटलंही होतं, घराघरांतून अशी आवराआवर झाली तर भांडणं उरणार नाहीत. तो माझ्याकडे बघतच राहिला होता.

मग केरसुणी माझ्या जुळणीपाशी आली. तिचं म्हणणं असं, की जुनी जुळणी मागचं सगळं एका सामाईक फळीवर मांडून ठेवते. कुठलीही गोष्ट कुठूनही हाताला लागते. नवी तसं करणार नाही. तिला हातात द्याल तेवढंच कळेल, आणि काम झालं की ती विसरेल. मी दोष काढायलाच बसले होते. एकही सापडला नाही. नवीन जुळणी माझ्याच हातची वाटत होती, फक्त आंघोळ केलेली. मी सही करून उठले.

जुन्या जुळणीवर विसंबून असलेल्यांपैकी पहिल्याला नव्याकडे वळवणारा पॅच आत गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामाला आले तर वहिनी पडदे लावत होती.

“काल तू आलीस म्हणून निभावलं, वन्सं,” ती म्हणाली. मला ती चेष्टेने वन्सं म्हणते. “दुकानदाराला काय ताणलंस गं. मला हसू आवरेना.”

आदल्या दिवशी मी सर्दीने बेजार होऊन माझ्या घरी पांघरुणात होते. तसं म्हटलं, तर ती म्हणाली, पुरे आता. मी कुणाची फिरकी घेतली तर ते माझ्या लौकिकाला धरूनच होतं, तेव्हा पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. पडदे मात्र मी निवडले असते तेच होते. राखाडी, खालच्या काठाला दुहेरी शिवण.

त्यानंतर वहिनीने मला कशासाठीच हाक मारली नाही. रुसली असती तर मला कळलं असतं, मला माणसाचा रुसवा पाठीवरून कळतो. ही रुसली नव्हती. तिचं काम कुठेतरी होत होतं.

पुढचा पॅच आत गेला, आणि खालचा औषधवाला म्हणाला, “ताई, आईंचे थेंब सकाळीच नेलेत की तुम्ही.” त्याने सही दाखवली. सहीची शेपूट मी वर ओढते तशीच ओढलेली होती. मग माझी शिवणकाम करणारी मैत्रीण, जिचा फोन आल्याशिवाय माझा चहा उतरत नाही, तिचा फोन यायचा थांबला. मीच केला, तर म्हणाली, अगं, आत्ताच तर ठेवला ना आपण. मागे तिच्या मशीनचा आवाज चालू होता. ती खुशीत होती.

दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नव्हे, हे मी नवख्यांना शिकवते. ते मी स्वतःला पुन्हा पुन्हा शिकवलं. तरी सावधगिरी म्हणून केरसुणीच्या पॅचवर सही करायचं थांबवलं.

पॅच आत जातच राहिले. खाली माझी सही होती.

तेव्हा कुठे मी ते पॅच तळापर्यंत वाचले. आमच्याकडे रिवाज आहे, की कल्पना ज्याची असेल त्याचं नाव शेवटच्या ओळीत टाकायचं. त्या ओळी मी वाचत नसे. आभारप्रदर्शन कोण ऐकतं? जुळणी हलवणाऱ्या एकूण एक पॅचच्या शेवटी एकच नाव होतं. सुचवणारा, दादा.

मी जुळणीच्या मूळ नोंदीकडे गेले. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंद मागच्या नोंदीला गाठ मारून असते. जुनी एक जरी बदलली, तरी पुढच्या सगळ्यांच्या गाठी सुटतात आणि जगभर ज्याच्याकडे प्रत आहे त्याला ते दिसतं. त्यामुळे ती बदलता येत नाही असं नाही, पण गुपचूप बदलता येत नाही. सगळ्या गाठी घट्ट होत्या. मूळ नोंदीवर लिहिणाऱ्याचं नाव दादाचं होतं.

दादा खिडकीजवळ चहा घेत होता. नवीन पडद्यातून ऊन त्याच्या बोटांवर पडलं होतं. मी त्याला विचारलं, हे सगळं तू सुचवलंस का.

“आवरायला तर हवंच होतं,” तो म्हणाला.

“जुळणी तू लिहिलीस असं दिसतंय तिथे.”

“आपलं दोघांचंच आहे ना सगळं.” तो स्क्रीनकडेच बघत होता. “कुणाचं काही अडलंय का ते सांग. एक तरी चाचणी पडली?”

एकही पडली नव्हती. सगळ्या पास होऊन हिरव्यागार होत्या.

“तुझ्यासारखं करणारं कुणी नाही गं,” दादा म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं, त्याचंच मला जास्त लागलं. “पण तू सगळं लक्षात ठेवतेस. जेवताना काढतेस, पाहुण्यांसमोर काढतेस, हसत हसत काढतेस. माणूस दमतो.”

“एवढं लागत होतं तर मला सांगायचंस.”

“सांगितलं असतं तर तेही लक्षात ठेवलं असतंस.”

इतकी वर्षं मी त्याचं हसणं जमेच्या बाजूला मांडत आले होते. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसतो, म्हणजे सगळ्यांपेक्षा जास्त माझा. माणसं ओळखण्याचा माझा तोरा त्याने एका वाक्यात उतरवून ठेवला, आणि चहाचा कप बशीत अलगद टेकवला. आवाज झाला नाही.

मी माझ्या खुर्चीत येऊन बसले. केरसुणीचा नवा पॅच आलेला होता. तिने पहिल्यांदाच थोडं जास्त लिहिलं होतं: ‘जुन्या जुळणीवर विसंबून असलेला आता एकच उरला आहे. या पॅचमध्ये तोही वळवला आहे. वागण्यात फरक नाही.’

मला कोण ते विचारावं लागलं नाही. भिंतीवर घड्याळ होतं, आणि थेंबांची वेळ झाली होती.

आईची खोली घराच्या मागच्या टोकाला आहे. मधल्या बोळात वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिच्या अंगाला घासून गेले. तिने नुसती घडी नीट केली.

आईचं दार लोटलेलं होतं. आत बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज आला.

“हलू नकोस,” आत कुणीतरी म्हणालं. “नवरीसारखं लाजायला काय झालं?”

हे मी म्हणते. रोज हेच म्हणते. आवाजही माझाच होता, सर्दीने थोडा बसलेला.

आई हसली. “झालं का? आता सांग ती रात्र.”

मी दाराशी उभी राहिले. माझ्यातली तपासणारी बाई अजून जागी होती. एकेक ओळ येत होती आणि मी मनातल्या मनात बरोबरची खूण करत होते. बाक, बरोबर. मोडलेली पट्टी, बरोबर. नर्सच्या बुटांचा आवाज, बरोबर, मी घेते तिथेच थांबून.

“आणि दादा?” आईने विचारलं.

“दादा तिथेच होता की,” माझा आवाज म्हणाला. “बाकावर. रात्रभर हलला नाही.”

माझं मन म्हणालं, फरक आहे. इथे फरक आहे.

मी वाट बघितली. आई पकडेल. ती नेहमी पकडते.

“माझा गुणाचा लेक,” आई म्हणाली. तिच्या आवाजात इतकी शांती मी त्या रात्रीनंतर कधी ऐकली नव्हती.

मी दार ढकलायला हात उचलला. आत जाऊन सांगणार होते, की हे खोटं आहे, मी पाहिलं आहे. सांगण्याआधी नेहमीसारखं सगळं डोळ्यांपुढे आणलं. मोडलेल्या पट्टीचा बाक. समोर बाबांच्या खोलीचं दार. बाकावर दादा, मांडीवर लॅपटॉप, नजर दारावर.

एकटाच.

मी इस्पितळाचा सगळा बोळ आठवणीत शोधला. जिन्यापर्यंत शोधला. मी कुठेच नव्हते.

उचललेल्या हाताच्या मुठीत काहीतरी टोचत होतं. मूठ उघडून पाहिली. मला गाडी चालवता येत नाही, कधीच आली नाही. तळहातावर गाडीची किल्ली होती, रात्रभर घट्ट धरून बसावं तितकी गरम.