उतार-दोनची दोरी

भिंतभर पडद्यावर चोवीस गाड्या एकदम सुटल्या आणि मुरुमावर चाकं करकरली.

'उतार' या खेळाच्या पहिल्या भागात चिखल काय, मुरूम काय, कातळ काय, चाक सगळीकडे सारखंच घसरायचं. दुसऱ्या भागात चाकाला जमीन कळत होती. ओल्या गवतावर गाडीची मागची बाजू झोका खायची, कातळावर दात वाजायचे. आधी आठ गाड्या होत्या, आता चोवीस. आधी वारा म्हणजे नुसता आवाज, आता तो वळणावर अंगावर यायचा.

कालिंदी जगदाळेला हे सगळं आवडत होतं. वळणं तिचीच होती. लहानपणी साताऱ्यातल्या उतारावर ती आणि धाकटा भाऊ रणधीर बेरिंगच्या गाड्या सोडायचे, त्या उताराची एकेक वाट तिनं खेळात उतरवली होती. आणि तिथला नियमही. जिंकला त्यानं हरलेल्याची गाडी दोरीनं वर ओढायची. ओढताना पोरं म्हणायची:

जिंकला त्याची दोरी गं, हरला त्याची गाडी
उतार होता दोघांचा, चढणीला कोण काढी

दोरीची भाषा होती. दोन हिसके म्हणजे धरली, ओढ. तीन हिसके म्हणजे थांब, मी पडलोय. कितीही भांडण असो, मारामारी असो, तीन हिसक्यांना न थांबणारं पोर त्या गल्लीत जन्मलं नव्हतं.

पहिला भाग ज्या दिवशी बाजारात आला त्याच दिवशी रणधीरचं लग्न होतं. कालिंदी गेली नाही. तीन वर्षं बोलणं बंद. पण दर रविवारी तो न बोलता खेळात यायचा, निळी गाडी घेऊन, आणि कालिंदी शेवटची आली की न बोलता दोरी टाकायचा. तेवढ्यावर तिचा आठवडा निघायचा. दुसऱ्या भागाच्या चाचणीलाही त्यानं नाव दिलं होतं. गेले काही रविवार तर तो एकदाही चुकला नव्हता.

आजही तोच जिंकला. दोरी आली. पहिल्या भागात ही दोरी थरथरायची, तुटक दिसायची. आता रेशमासारखी. कालिंदीनं दोन हिसके दिले, गाडी वर निघाली. संध्याकाळी सहाला खेळ बाजारात येणार होता. पहिल्या भागाच्या दिवशी झालं तेच पुन्हा होईल, पुन्हा काहीतरी चुकेल, असं तिला वाटलं आणि तिचा हात आपोआप हलला. एक. दोन. तीन.

निळी गाडी थांबली नाही.

तिनं पुन्हा दिले. गाडी तशीच ओढत राहिली, तिच्यावरचा स्वार हसऱ्या तोंडानं बसलेला.

"इरफान," ती म्हणाली, "इकडे ये."

खेळातल्या गाड्यांच्या हालचालीचं गणित इरफान मुल्ला लिहायचा. चहाचा कप घेऊन आला.

"दोरीचे हिसके पलीकडे पोचतात का?"

"पोचतात. दिसत नाहीत."

"म्हणजे?"

"ताई, पहिल्या भागाची सगळ्यात मोठी तक्रार काय होती? गाड्या अडखळतात. पुण्यातल्या माणसाचा हात नांदेडला पोचेपर्यंत वेळ जातो. म्हणून आपण प्रतिस्वार केला. माणूस आजवर कसा चालवत आलाय त्यावरून तो पुढच्या क्षणी काय करेल याचा अंदाज. पलीकडच्याला आधी अंदाज दिसतो. खरा हात मागून येतो आणि अंदाज चुकला असेल तर दुरुस्ती होते."

"मग माझे तीन हिसके दुरुस्तीत गेले असतील."

इरफाननं कप खाली ठेवला. "दुरुस्ती झाली की गाडी टुणकन उडते. चाचणीत लोक म्हणाले, हिसका बसतो. मग सौमित्र सरांनी दुरुस्ती काढायला सांगितली."

"काढलीस?"

"काढली. तक्रारी शून्यावर आल्या."

"दुरुस्तीच नाही, तर मला दिसतो तो रणधीर नाहीच. तुझा अंदाज आहे."

"हो. आणि त्याला दिसता त्या तुम्ही नाही. प्रत्येकाची शर्यत वेगळी, निकालही वेगळा."

"आणि माणूस उठून गेला तर?"

"प्रतिस्वार चालवत राहतो. रिकामी जागा दिसली की लोक कंटाळतात. माणूस लागत नाही त्याला."

ती व्हरांड्यात आली आणि तीन वर्षं न लावलेला नंबर लावला.

"हं," पलीकडून रणधीर म्हणाला.

"मी तीन हिसके दिले. तू थांबला नाहीस."

"कधी?"

"आत्ता."

"आत्ता मी टँकरची वाट बघत उभाय. हातात बादली आहे. खेळ सोडून तीन आठवडे झाले, आक्का."

कालिंदी कठड्याला टेकली. तिचे सगळ्यात चांगले तीन रविवार.

"का सोडलास?"

"मला विचारतेस? या नव्या भागात दर रविवारी तू जिंकायचीस, मला ओढायचीस. मी तीन हिसके द्यायचो. म्हटलं, ही थांबली की फोन करायचा. तू आपली ओढतेयस, हसत. लग्नाला आली नाहीस ते गिळलं मी. पण दोरीवरसुद्धा थांबायचं नाही? एवढी मोठी झालीस?"

"माझ्याकडे तू जिंकायचास, रणधीर."

"काय?"

"माझ्या पडद्यावर मी हरायचे आणि तू ओढायचास. तुझे हिसके माझ्यापर्यंत आलेच नाहीत. मध्ये यंत्र बसवलंय. ते तुझ्यासारखं चालवतं."

पलीकडे त्यानं बादली खाली आपटली.

"पटत नाही मला," तो म्हणाला. "सोयीचं सांगतेयस."

"मग ये खेळात. आत्ता ये."

"टँकर आलाय," म्हणून त्यानं फोन ठेवला.

ती आत आली तेव्हा मालक सौमित्र गोगटे कंदी पेढ्यांचा बॉक्स फिरवत होता. ती म्हणाली, "दुरुस्ती चालू कर."

"कालिंदी, पेढा घे आधी."

"दोन महिने लोक भुतांबरोबर खेळतायत."

"आनंदानं खेळतायत. पहिल्या भागात रडायचे. हीच तर सुधारणा आहे."

"सुधारणा? चाकाला जमीन कळावी म्हणून मी एक वर्ष घासलंय. आणि तू माणसाला माणूस कळणार नाही याची सोय केलीस. माझा भाऊ तिथून हिसके देत होता, मी इथं दात काढून बसले होते. तुझ्या त्या गुळगुळीत दोरीला आग लाव."

इरफान उठला. "मी चहाला जातो," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "संगणक उघडाच आहे. वरून चौथी ओळ."

"तुझ्या हातात कप आहे," सौमित्र म्हणाला.

"गार झालाय."

सौमित्र पेढे ठेवेपर्यंत कालिंदीनं ती ओळ चालू केली होती.

पडद्यावरच्या गाड्या एकाच वेळी दचकल्या. काही मागे फेकल्या गेल्या, काही दरडीवरून पुन्हा रस्त्यावर आल्या. मग एकेक विझत गेली. निळी विझली, पिवळी विझली. ज्या गाड्या रोज एकमेकींना ओढत होत्या त्या चालवणारी माणसं कधीच उठून गेली होती. चोवीस गाड्यांच्या उतारावर तिची एकटीची गाडी उरली. वारा तेवढा छान वाहत होता.

"हे दाखवायचं लोकांना?" सौमित्रचा आवाज चिरकला. "सहाला? हा रिकामा डोंगर?"

"जे आहे ते दिसतंय."

"मी ओळ बंद करतोय."

"हात लाव, मग बघ." ती खुर्चीवर अशी बसली की संगणकापर्यंत जायला तिला उचलावं लागलं असतं. तिनं गाडी उताराच्या तळाशी, हरलेल्याच्या जागी नेऊन उभी केली.

पावणेसहा झाले. सौमित्र फोनवर कुणालातरी समजावत होता. तेवढ्यात उताराच्या माथ्यावर काहीतरी निळं चमकलं. चमकलं, गेलं, दोन हात पुढे उमटलं. अडखळत, तुटत, एका वळणात चारदा थांबत ती गाडी कशीबशी कड्याला आली. वरून दोरी पडली. ती थरथरत होती, मधूनच नाहीशी होत होती.

कालिंदीनं दोरी धरली. दोन हिसके द्यायचे होते. तिनं तीन दिले.

ओढायला वळलेली निळी गाडी जागच्या जागी थांबली.

"कालिंदी," सौमित्र मागून ओरडला, "हिसके बसतायत."

"बसू देत," ती म्हणाली. तिचा फोन वाजायला लागला होता.