फरशीवरचं पहिलं पाऊल

बेसा रोडवरच्या उन्नतीच्या घराचं गॅरेज बारा बाय अठराचं. गाडी आता बाहेर उन्हात उभी राहणार होती, कारण गॅरेजात नाचाचा सराव होणार होता. कोणाच्या नाचाचा? तिथेच तर सगळी ठसठस होती.

सहा वर्षं कथक शिकली ती उन्नती. घुंगरांच्या दोऱ्यांनी घोटे सोलले ते उन्नतीचे. आणि भिवापूरहून शिकायला आलेली आतेबहीण भैरवी आठ महिने बाजूला उभी राहून बघते काय, शाळेतून राज्य स्पर्धेला निवडली जाते काय! बाबांनी त्याच आठवड्यात गॅरेजच्या फरशीवर ओतायच्या इपॉक्सीचे डबे आणले. उन्नती हेच गॅरेज दोन वर्षांपासून मागत होती. तिला बाबा म्हणाले होते, "पाहू."

शनिवारी दुपारी देवरावकाका आले. खापरखेड्याचे जुने रंगारी, बोलणं कमी आणि हात साफ. त्यांनी रेझिनच्या बादलीत हार्डनर ओतलं, मशीनने घुसळलं, ओल्यात चालता यावं म्हणून बुटांखाली खिळ्यांचे तळ बांधले आणि आतल्या भिंतीपासून मागे मागे सरकत राखाडी थर पसरवत शटरपर्यंत आले. वास नाकातून थेट डोक्यात जात होता. थर आपोआप सपाट होत गेला. छताची ट्यूबलाइट त्यात खाली, खूप खोल जळू लागली.

"उद्या चारपर्यंत पाय नाही ठेवायचा कोणी," देवरावकाका म्हणाले. मग वाकून बघणाऱ्या उन्नतीकडे वळले. "अन् वल्या थरात तोंड पाहत नको बसू वं पोरी."

"काहून?"

"बसून राहिला ना थर. बसू दे त्याले."

बाबा हसले. "चार वाजता भैरवीचं पाऊल पडंल पहिलं. भाची आहे माझी. पाया पडूनच नेतो तिले आत."

मामाने भाचीच्या पाया पडायचं, ही इकडची रीतच. पण भैरवी लाजली. "मामाजी, उन्नतीले जाऊ द्या ना पहिले."

"पाहा, मन किती मोठं आहे पोरीचं!" बाबांनी भैरवीच्या डोक्यावर हात ठेवला.

मोठं मन म्हणे! उन्नतीच्या अंगाची लाही लाही झाली. तिने नजर खाली वळवली. ओल्या थरात चौघेही उलटे उभे होते, पायाला पाय लावून. आणि तिथे बाबांचा हात उन्नतीच्या डोक्यावर होता.

तिने झटकन वर पाहिलं. हात भैरवीच्याच डोक्यावर. पुन्हा खाली. हात तिच्या डोक्यावर, आणि खालची उन्नती लाडात येऊन हसत होती. वरच्या उन्नतीचे ओठ घट्ट मिटलेले होते.

तिला विज्ञानात पंच्याण्णव होते. प्रतिबिंब उलटं पडतं, हे ठाऊक होतं. हात सरकवत नाही, हेही ठाऊक होतं.

रात्रभर तिच्या मनातून ते हसू जाईना. भैरवीचा राग आला तर त्यात नवल नव्हतं. पण त्या खालच्या पोरीचा? काही न करता, घोटे न सोलता तिला बाबा मिळाले होते!

रविवारी जेवणं झाली. बाबा सोफ्यावर लवंडले. भैरवी आत घुंगरं ओवत बसली. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. उन्नतीने चपला काढल्या आणि शटर हळूच कमरेएवढं उचललं. चार वाजता काय करायचं ते करोत. पहिलं पाऊल तिचं असणार होतं.

फरशी तळ्यासारखी चमकत होती. आणि तिच्यावर पावलं होती.

उमटलेली नव्हती ती. फुगलेली होती. पाची बोटं, टाच, सगळं वर उचललेलं, जणू कोणी खालच्या बाजूने तळवे टेकवत चाललं होतं. आतल्या भिंतीपासून निघून ती थेट शटरशी आली होती. उन्नतीने एकावरून बोट फिरवलं. कडक, वाळलेलं. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. तिच्या पायाचं आहे तसंच.

भीती वाटायला हवी होती. वाटला तो मत्सर. इथेही कोणीतरी आधी?

तिने दात आवळले आणि शेवटच्या पावलावर आपला उजवा पाय दाबून ठेवला.

बोटाला बोट, टाचेला टाच. अगदी बरोबर बसला.

मग थंडी पोटरीपर्यंत चढली. मग गळ्यापर्यंत.

घरातून बाबांची हाक आली. "उन्नती, चहा टाक वं जरासा."

"टाकते बाबा," घरातूनच उत्तर गेलं.

आवाज तिचाच होता.

तिने ओरडायला तोंड उघडलं. काहीच निघालं नाही.

चार वाजता शटर पूर्ण वर गेलं. उन्नतीला खालून आधी तळवे दिसले. मोठे ते बाबांचे. त्यांच्या बाजूला भैरवीचे. आणि तिसरे, अंगठ्याशेजारचं बोट लांब असलेले, हळदकुंकवाचं ताट घेऊन आलेल्या पोरीचे.

"मामाजी, पहिले हिलेच जाऊ द्या," भैरवी म्हणाली.

बाबांनी त्या पोरीला पुढे केलं. "जा बाई. दोन वर्षं मागून राहिली होती तू. तूच जा."

ती पोर हसली आणि उजवं पाऊल टाकून आत आली. फरशी आता गुळगुळीत होती.

बाबा चकचकीत फरशीवर वाकले. आजवर कधीच पाहिलं नव्हतं इतका वेळ त्यांनी उन्नतीच्या डोळ्यांत पाहिलं. फक्त तिच्याच.

मग त्यांनी खिशातून कंगवा काढला आणि फरशीत पाहत आपला भांग नीट केला.