पायरीवरची आठवी

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसावं. माझी मावसबहीण श्रेया थापा मारत नाही, आणि हे तिच्याच बाबतीत घडलंय.

मागच्या सप्टेंबरात. भर दुपारी. छत्रपती संभाजीनगरातल्या एका जुन्या सरकारी कॉलेजात. नाव सांगत नाही.

मुलींची अभ्यासिका बंद करून तिथं कार्यालय करायचं ठरलं होतं. सोयगावहून शिकायला आलेली श्रेया चौघींत एका खोलीत राहायची. तिला अभ्यासाला दुसरी जागाच नव्हती. ती आणि सहा मैत्रिणी निजामाच्या काळातल्या त्या इमारतीच्या दगडी पायऱ्यांवर ठिय्या देऊन बसल्या.

कँटीनच्या गीताबाईनं चहा आणला.

आठ ग्लास.

"आम्ही सातच आहोत, मावशी," श्रेया म्हणाली.

"आन् ती मागं, खांबापाशी? दोन वेण्यांची?"

सगळ्यांनी वळून पाहिलं...

नुसता खांब होता.

आठवा ग्लास तिथंच राहिला. थोड्या वेळानं पाहिलं तर... रिकामा.

दोघी रडकुंडीला आल्या. श्रेयानं त्यांना हाताला धरून बसवलं.

तिसऱ्या दिवशी निलंबनाची नोटीस लागली. त्यात नावं आठ...

शेवटचं होतं केसर कडुबा म्हस्के.

कारकून म्हणाला, पायरीवर मी नावं लिहून घेत होतो, तेव्हा तिनंच सांगितलं की.

ते नाव जुन्या नोंदीत पाहिल्यासारखं वाटलं, म्हणून ग्रंथपालांनी पन्नास वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढून दिलं. त्यात तेच नाव. त्यावर लाल रेघ. शेरा होता : संपात सहभाग, नाव कमी केले. त्या मुलीचं पुढं काय झालं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

श्रेयाच्या अंगावर काटा आला.

मग संताप आला.

प्राचार्यांनी तिला बोलावलं. माफीनामा द्या, सातही जणींना परत घेतो, म्हणाले. आठवं नाव चुकून पडलंय, ते खोडू. त्यांनी पेन उचललं.

"ते एकदा खोडलंय, सर. आता नाय खोडू देणार. माफीबी नाय मागणार. आत येऊ तर आठही जणी."



तिच्या मानेमागं कुणीतरी श्वास सोडला.

प्राचार्य तिच्याकडं बघतच नव्हते. तिच्या खांद्यावरून मागं बघत होते.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

आठही निलंबनं रद्द झाली. अभ्यासिका आजही उघडी आहे. प्राचार्यांनी काय पाहिलं, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

भीती वाटते का, असं मी श्रेयाला विचारलं.

"लई वाटते," ती म्हणाली. "पण त्या दिवशी मागं कुणी नसतं, तर मी बोलले असते का... ते मला अजून कळलं नाय."