झोपेची वही

झोपेवर संशोधन करायला निघालेला माणूस माझ्या खांद्यावर झोपला... ती आमची पहिली भेट!

एकोणीसशे पंचाहत्तरचा जानेवारी होता. बालवाडीसाठी खडू आणि पाट्या घेऊन मी दुपारच्या एस.टी.नं कराडहून कोयनानगरला परतत होते. पाटण मागं पडलं, वळणं सुरू झाली आणि शेजारी बसलेल्या तरुणाची मान डुलायला लागली. आधी पुढं, मग पलीकडं, आणि मग — अलगद माझ्या खांद्यावर. मांडीवरची लाकडी पेटी मात्र त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.

दोन वळणं मी सोसलं. तिसऱ्याला कोपर मारलं.

"आवं, उठा की!"

तो दचकला. माफी मागायच्या आधी त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं, खिशातून छोटी वही काढली आणि पुटपुटत लिहिलं, "दोन वाजून दहा मिनिटं... डुलकी... नऊ मिनिटं."

"कुठं झोपला होतात, ते नाही लिहिलं?" मी विचारलं.

त्याचे कान लालबुंद झाले. "ते... संशोधनात धरत नाहीत."

मी खिडकीकडं तोंड फिरवलं. हसू दाबून दाबून घाट कसा संपला, कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या क्वार्टरचं दार वाजलं. दारात तोच! हातात तीच पेटी. मला बघून तो एक पायरी खाली उतरला.

"मी डॉक्टर लालासाहेब कोळेकर. सांगलीहून आलोय. वीजघरात पाळीनं काम करणाऱ्या वीस जणांच्या झोपेची नोंद ठेवायची आहे. त्यात कृष्णात मोरे..."

"माझा दादा. झोपलाय तो."

"किती वाजता झोपले?"

"मंगळवारी," मी म्हटलं. त्या दिवशी शुक्रवार होता.

तो हसला नाही. पेटी खाली ठेवून त्यानं शांतपणे विचारलं, "असं नेहमी होतं का?"

मी दार लावून घेतलं.

काय सांगायचं होतं? दादा वीजघरात ऑपरेटर होता. डोंगराच्या पोटातलं वीजघर ते, आत दिवस-रात्र सारखेच दिवे. कधी कधी दादाला झोपच लागायची नाही. आठ-आठ दिवस तो जागा. बोलणं थांबायचं नाही, पहाटे सगळ्या चाळीचे नळ दुरुस्त करायला निघायचा. आणि मग एक दिवस अंथरुणाला खिळायचा. भिंतीकडं तोंड. जेवण नाही, बोलणं नाही. आई त्याला म्हसवडच्या सिद्धनाथाला तीनदा घेऊन गेली होती. कॉलनीत आम्ही सांगायचो, पित्ताचा त्रास आहे.

डॉक्टरांना बालवाडीला लागून असलेली खोली मिळाली. पाळीवरून आलेली माणसं दारात रांग लावायची. जिभेखाली पेटीतला थर्मामीटर, मनगटावर बोट, वहीत आकडे. चार दिवसांनी ते बालवाडीच्या व्हरांड्यात येऊन उभे राहिले.

"मला दिवसा काम करणारं, रात्री नीट झोपणारं कुणीतरी पाहिजे. तुलनेसाठी."

आमची मदतनीस भामाबाई लगेच म्हणाली, "आमच्या शालनताई हायत की! भूकंप झाला तरी उठत न्हाईत."

अशी मी संशोधनात सापडले. सकाळी सातला आणि संध्याकाळी साडेपाचला, भामाबाईच्या साक्षीनं.

"माणसाच्या अंगात घड्याळ असतं," ते थर्मामीटर झटकत सांगायचे. "पहाटे अंग थंड पडतं, संध्याकाळी गरम. झोप, भूक, मनाचा उत्साह — सगळं त्याच्या तालावर."

थर्मामीटर तोंडात असल्यामुळं मला बोलता यायचं नाही. निघाला की लगेच मी विचारायची, "मग चावी कोण देतं?"

"बहुतेक सूर्य."

"आणि ज्याला सूर्य दिसतच नाही?"

त्यांनी माझा प्रश्न वहीत लिहून घेतला आणि वर बघितलं. मी पदर सावरला.

एकदा वहीत बघून ते गंभीरपणे म्हणाले, "तुमची नाडी सकाळी बहात्तर असते. संध्याकाळी मात्र... रोज नव्वद. कारण सापडत नाही."

"धावत येते ना मी."

"बालवाडीपासून इथवर वीस पावलं आहेत. मोजलीत मी."

"डॉक्टर," मी म्हटलं, "तुमची नाडी बघता का कधी?"

भामाबाई उगाचच खोकली.

मार्चमध्ये दादा पुन्हा आडवा झाला. पाचव्या दिवशी मी खिळ्यावरची तीन वर्षांची कॅलेंडरं काढली आणि डॉक्टरांपुढं ठेवली. दादाला झोप लागली नाही त्या दिवसांवर मी कुंकवाचा ठिपका दिला होता. तो उठलाच नाही त्या दिवसांवर काजळाचा. का, ते माझं मलाही माहीत नव्हतं. कुणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून असेल.

त्यांनी एकेक पान उलटलं. तासभर. मग पाळ्यांचा तक्ता काढून शेजारी ठेवला.

"शालनताई... लाल ठिपके सुरू झाले सहा वेळा. त्यातल्या पाच वेळा आधीच्या तीन दिवसांत रातपाळी लागलीय. हा एक आजार आहे. मन कधी भरतीला, कधी ओहोटीला. झोप मोडली की काहींना भरती येते. यावर आता औषध आहे." त्यांनी कॅलेंडरांवर हात ठेवला. "माझ्या सरांना दाखवू का हे? नाव कुठंही येणार नाही."

आईला विचारायला ते घरी आले. आई कडाडली.

"न्हाई! घरातलं घरात ऱ्हाऊ द्या. उद्या लोक म्हनतील, लीलाबाईचं पोरगं येडं हाय. ह्या पोरीला मग कोन करून घेनार?"

डॉक्टर मान खाली घालून उठले. तेवढ्यात खाटेवरून, भिंतीकडं तोंड असलेल्या दादाचा आवाज आला. पाच दिवसांत पहिल्यांदा.

"आये... दाव त्यास्नी. मला काय हुतंय, मला बी कळू दे."

डॉक्टरांच्या सांगलीच्या सरांनी दादाला लिथियम नावाच्या क्षाराच्या गोळ्या दिल्या. महिन्याला रक्त तपासायचं, रोज ठरल्या वेळी झोपायचं, रातपाळी बंद. चिठ्ठी घेऊन दादा स्वतः वीजघराच्या साहेबांकडं गेला. एकटा. परत येऊन म्हणाला, "कायमची पैली पाळी. साहेब म्हनला, आधी का न्हाई सांगितलंस गड्या?"

डॉक्टरांचं कोयनानगरचं काम संपलं होतं. पण दर महिन्याला दादाला घेऊन मी सांगलीला जायची. रक्त दिलं की आम्ही तिघं कृष्णेच्या घाटावर बसायचो. कागदाच्या पुडीत भडंग, समोर आयर्विन पूल, पाण्यावर उन्हाची तिरीप. ते वर्ष आठवलं की मला अजून भडंगातल्या लसणाचा वास येतो. दादा महिन्या-महिन्याला माणसात येत होता. गोळ्यांनी त्याचे हात थोडे थरथरायचे, तहान लागायची. पण तो हसायचा... जेवढं हसू यावं तेवढंच.

नोव्हेंबरमध्ये दादा म्हणाला, "मी जरा नाव बगून येतो," आणि पायऱ्या उतरून गेला. घाटाला एकही नाव नव्हती.

"शालन," ते म्हणाले. 'ताई' कुठंतरी गळून गेलं होतं. "माझ्याशी लग्न कराल?"

मी पुडीचा कागद दुमडत राहिले. "हा आजार घराण्यात चालतो म्हणतात. खरं आहे?"

"कधी कधी. खोटं नाही सांगणार."

"उद्या मला झाला तर? मुलांना झाला तर?"

"तर लवकर ओळखू. आणि..." त्यांनी नदीकडं बघितलं. "मी तुम्हाला विचारतोय. तुमच्या रक्ताला नाही."

"तुमच्या आईंना माहीत आहे दादाचं?"

"नाही. रुग्णाची गोष्ट मी आईलाही सांगू शकत नाही."

"मग त्यांना येऊ दे. त्यानंतर उत्तर देते."

डिसेंबरात त्यांच्या आई, साळूबाई, कवठे महांकाळहून आल्या. आदल्या दिवशी आमचे चुलते भाऊसो आईला बजावून गेले होते, "कृष्णाताला उद्या गावाकडं धाडून द्या. लगीन झाल्यावर काय कळायचं ते कळंल."

मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "मी कुटं जानार न्हाई. पर सांगायचं तर तूच सांग. मला जमायचं न्हाई."

साळूबाईंनी पोह्यांची बशी हातात घेतली, आणि मी आईकडं न बघता सगळं सांगून टाकलं. जागरणं, भिंतीकडचं तोंड, गोळ्या, रक्त. दादा कोपऱ्यात ताठ बसला होता. आईनं डोळ्याला पदर लावला.

साळूबाईंनी बशी खाली ठेवली.

"माझी धाकटी भन व्हती. बयाबाई," त्या म्हणाल्या. "अशीच रात-रात जागायची. गानी म्हनायची. मग म्हैना-म्हैना अंधारात पडून. आमी अंगारे लावले, कोंडून घातली. येके दिशी सकाळी हिरीच्या काठावर तिच्या चपला दिसल्या." त्यांनी दादाकडं बघितलं. "लाला तवा सा वर्साचा हुता. तिच्याच कुशीत झोपायचा. त्यो त्यावर कदी बोलला न्हाई. पर ह्येच शिकनार म्हनला, तवाच म्या वळखलं."

त्या उठल्या, दादाजवळ गेल्या आणि त्याच्या थरथरत्या हातावर हात ठेवला. "गोळी चुकवू नगंस रं बाबा. आन् पोरी... त्यो स्टँडवर उभा हाय सकाळधरनं. बलाव त्येला."

मी निघाले. धुकं इतकं की स्टँड दिसेना. ते कट्ट्यावर बसले होते, मफलर गुंडाळून.

"आई काय म्हणाली?"

"बयामावशींचं सांगितलं."

त्यांनी मान खाली घातली. वर बघितलं तेव्हा डोळे भरलेले होते. लपवले नाहीत त्यांनी.

"मला एकदा तरी सांगायचंत," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, मावशीसाठी करतोय. मी तुमच्यासाठी..." त्यांनी गळ्यातला मफलर सोडवला. मग एकदम गावाकडच्या बोलीत म्हणाले, "आवं, मला लय आवडता तुमी!"

एवढा शिकलेला माणूस, आणि शेवटी ओठांवर आलं ते आईचंच बोलणं. मी हसले, मग रडले, मग त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसले. हातभर अंतरावर. कॉलनीत तेवढं अंतर लागायचंच.

"मला पण," मी म्हटलं. "लय."

एस.टी. आली, माणसं उतरली, एस.टी. गेली. आम्ही तिथंच बसलो होतो.